विचारा की: संत्रं न काढता लोगो होतो का?

या महिन्यात पत्रं बरीच आली आणि त्यातली अर्धी फिरून फिरून एकाच जागी येतात, की दुसऱ्याचं चांगलं डिझाइन बघायचं कसं आणि बघून झाल्यावर त्याचं करायचं काय. त्यामुळे व्हिजिटिंग कार्डाचा साइझ आणि लॅमिनेशनचे रेट विचारणाऱ्यांनी रागावू नका, तुमचा नंबर पुढच्या अंकात.

नमस्कार ताई, मी अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे. असाइनमेंट मिळाली की मी आधी पिंटरेस्ट उघडते, मग डिझायनरांची कामं असतात ती बिहान्स साइट, मग इन्स्टा, रात्रीचे दोन वाजतात, बोर्डवर तीनशे पिना जमतात आणि कागद कोराच राहतो. काही उतरलं तरी सर म्हणतात हे कुठंतरी बघितल्यासारखं वाटून राहिलं. मोठ्या डिझायनरांना इन्स्पिरेशन मिळतं तरी कुठून? मुंबई-पुण्यात एक्झिबिशनं असतात, आपल्या नागपुरात तर बघण्यासारखं काहीच नाही. — तिसरं वर्ष, नंदनवन

अगं, आधी तुझ्या शेवटच्या वाक्याशी भांडते, मग बाकीचं. बघण्यासारखं काही नाही म्हणे! नंदनवनातून महाल किती लांब आहे, मूर्तिकारांच्या चितार ओळीत शेवटची कधी गेली होतीस? गणपतीच्या आधी तिथं नुसतं उभं राहून मूर्तीचे डोळे कसे आखतात ते बघितलं तरी एक सेमिस्टर वसूल होतं. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा बडग्यांवरच्या, म्हणजे त्या मोठ्या पुतळ्यांवरच्या पाट्या वाचल्यास का कधी? एवढी गर्दी, एवढा गोंगाट, बडग्या हलत हलत पुढे सरकून राहिला, आणि तरी त्यावरची पाटी लांबून एका नजरेत वाचता आली पाहिजे आणि वाचून हसू पण आलं पाहिजे. पोस्टर डिझाइनचा याच्याहून अवघड पेपर मला तरी माहीत नाही.

असो. तुझी अडचण जागेची नाहीच आहे. पिंटरेस्टवर तुला जे दिसतं ते जेवण झाल्यावरचं चकाचक ताट असतं. चूल, धूर, करपलेली पहिली पोळी यातलं काहीच दिसत नाही, आणि शिकायचं असतं ते सगळं तिथंच.

लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा तू नक्की पिन केला असशील, सगळेच करतात. रंगीत सरळ रेषा, आडव्या, उभ्या आणि पंचेचाळीस अंशात तिरप्या, बस. तो ज्यानं काढला तो हॅरी बेक रेल्वेच्याच सिग्नल ऑफिसात ड्राफ्ट्समन होता, विजेच्या वायरिंगच्या ड्रॉइंगांची त्याला सवय. १९३१ साली मोकळ्या वेळात बसून त्यानं हा नकाशा काढला आणि साहेबांनी आधी चक्क नाकारला, हे फारच वेगळं आहे, लोकांना झेपायचं नाही म्हणून. छापला गेला १९३३ मध्ये, आणि लोकांना तो लगेच आवडला. आता त्यानं काय ओळखलं ते बघ. जो माणूस जमिनीखाली बसलाय त्याला वरचा रस्ता कुठं वळतो याच्याशी काही घेणंदेणं नाही, त्याला एवढंच पाहिजे की कुठल्या गाडीत बसू आणि कुठं बदलू. म्हणून अंतरं बिनधास्त खोटी केली, मधली गर्दीची स्टेशनं फाकवली, लांबची जवळ ओढली. तू रंगीत रेषा उचलल्यास तर तुझं पोस्टर वायरिंगच्या ड्रॉइंगसारखं दिसेल एवढंच. उचलायचं असेल तर 'वाचणारा कुठं बसलाय' हे उचल. आपल्या मेट्रोत ऑरेंज लाइन आणि अ‍ॅक्वा लाइन सीताबर्डीला एकमेकींना छेदतात, ते तू मैत्रिणीला समजावताना कागदावर अधिकचं चिन्ह काढतेस की नाही? मग, तेच ते. खापरी किती किलोमीटर ते त्यात कळत नाही आणि कुणाचं अडतही नाही.

हे शहाणपण मला फुकट नाही मिळालं बरं. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका घरगुती मसालेवाल्यांचं पाकीट केलं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात जपानी पॅकेजिंग शिरलं होतं, पांढरं शुभ्र, मधे मोकळी जागा, एका कोपऱ्यात बारीक अक्षरं. मी सावजी मसाल्याचं पाकीट तसंच केलं, पांढरं, कोपऱ्यात बारीक काळ्या अक्षरात नाव, आणि स्वतःवर इतकी खूश की प्रिंट आल्या आल्या फोटो काढून सगळ्यांना पाठवले. इतवारीतल्या दुकानदारानं पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि म्हणाला, ताई, हे जेवणाआधी घ्यायचं का जेवणानंतर? त्याला ते औषध वाटलं! आणि त्याहून वाईट म्हणजे चार दिवसांत शेल्फवरची सगळी पाकिटं बोटांच्या ठशांनी पिवळी-तांबडी झाली, कारण मसाल्याच्या दुकानात कुणाचेच हात कोरडे-पांढरे नसतात, हळद-तिखटाचे असतात. हे मला घरच्या ओट्यावर दिसायला पाहिजे होतं, मी बघत होते स्क्रीनवर. दुसऱ्या खेपेला पाकीट विटकरी केलं, नाव हाताएवढं मोठं, ठसे पडले तरी दिसायचे नाहीत. पहिल्या प्रिंटिंगचे पैसे त्यांनी माझ्याकडून मागितले नाहीत, मागायला पाहिजे होते.

म्हणून तुला एक काम देते. चार्ल्स आणि रे इम्स हे अमेरिकन नवरा-बायको, त्यांच्या खुर्च्या तुला माहीतच असतील. भारत सरकारनं त्यांना बोलावलं, ते इथं फिरले आणि १९५८ मध्ये एक रिपोर्ट लिहिला, त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन शिकवणारी संस्था उभी राहिली. त्या रिपोर्टात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलंय माहितीये? आपल्या लोट्याचं. आणि नुसतं वाहवा नाही, तर प्रश्नांची रांग लावलीय: पाणी किती मावतं, भरल्यावर तोल कुठं जातो, डोक्यावर कसा राहतो, कमरेवर कसा, ओतताना धार कशी पडते, हाताला गार लागतो की गरम, घासायला कसा, मोडीत किती पैसे येतात. तू असेच प्रश्न तान्हा पोळ्याला पोरं ओढतात त्या लाकडी नंदीला विचार. घरी माळ्यावर एखादा असेलच, नाही तर शेजारी माग. चाकं धर आणि हलव, किती डगमगतात? दोरी गळ्याला आहे की खालच्या फळीला, आणि पोरगं ओढतं तेव्हा नंदी पुढच्या बाजूनं उचलला जातो का? शिंग कुठं मोडलंय? आमच्या घरच्याचं डावं शिंग दोनदा मोडून फेव्हिकॉलनं चिकटवलंय, कारण पोरं नंदीला उचलतात ती शिंगालाच धरून, पाठीला धरायला काही नाहीच, वशिंड गुळगुळीत. मोजपट्टी घे, तिन्ही बाजूंनी काढ, वीस पानं भर. पिंटरेस्ट तोवर बंद. वीस पानं झाली की मग उघड, माझी काही मनाई नाही.

मॅडम, माझं गांधीबागेत फ्लेक्स आणि कार्डाचं दुकान आहे. कस्टमर मोबाइलवर फोटो दाखवतो आणि म्हणतो भाऊ असाच लोगो पाहिजे, फक्त नाव आमचं टाका. नाही म्हटलं तर बाजूच्या दुकानात जातो. तुम्ही लोक याला इन्स्पिरेशन म्हणता, आम्ही केलं की कॉपी. फरक काय तो सांगा. आणि दुसरं, नागपूरचं काहीही असो, त्यात संत्रं टाका म्हणतातच. — कंटाळलेला दुकानदार

भाऊ, टोमणा पोचला आणि बरोबरच आहे.

जर्मनीत ब्राउन कंपनीत डिटर राम्स म्हणून डिझायनर होते. त्यांच्या हाताखालचा १९५८ चा छोटा खिशातला रेडिओ आहे, टी थ्री नावाचा, पांढरा डबा आणि त्यावर गोल चकती, तो आणि अ‍ॅपलचा २००१ चा आयपॉड शेजारी ठेवले तर तुम्ही म्हणाल नात्यातले आहेत. पहिल्या आयफोनमधला कॅल्क्युलेटर तर राम्स आणि डिट्रिश लुब्स यांच्या १९८७ च्या कॅल्क्युलेटरवरून सरळ उतरवलेला, गोल फुगीर बटणं वगैरे. राम्स स्वतः यावर चिडले नाहीत, त्यांनी ते कौतुकच मानलं. पण रेडिओच्या चकतीनं स्टेशन लागायचं आणि आयपॉडच्या चकतीनं हजार गाण्यांच्या यादीतून बोट फिरवत खाली उतरता यायचं. चकती तीच दिसते पण तिला नवं काम लावलं. कॅल्क्युलेटरचं काम मात्र तेच, रूपही तेच, तिथं मी कॉपीच म्हणेन, मग करणारा कितीही मोठा असो. तुमच्याकडे येणारा फोटो या दोघांतला कुठला ते तुम्हीच ठरवा, बहुतेक वेळा दुसराच असतो. आणि तो कुणाचा रजिस्टर्ड ट्रेडमार्क निघाला तर नोटीस कस्टमरला येईल आणि कस्टमर तुमच्याकडे येईल, एवढं सांगितलं तरी निम्मे ऐकतात असा माझा अनुभव आहे. बाकीचे निम्मे बाजूच्या दुकानात जातात, जाऊ द्या.

आता संत्रं. बाप्पा, या संत्र्यानं मी पण पिडलेय. क्लासेसचा लोगो, संत्रं. पॅथॉलॉजी लॅब, संत्रं. मागे एकजण 'आय लव्ह नागपूर' करून द्या, बदामाच्या जागी संत्रं ठेवा म्हणाला, असे या गावात निदान दहा तरी मी बघितलेत. 'आय लव्ह न्यूयॉर्क'मधल्या त्या मूळ बदामाची गोष्ट त्याला सांगितली. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्क शहराचं दिवाळं वाजायची वेळ आली होती, गुन्हेगारी म्हणजे विचारूच नका, लोक शहर सोडून चालले होते. तेव्हा १९७६ साली मिल्टन ग्लेझरनं टॅक्सीत बसल्या बसल्या एका पाकिटाच्या मागं लाल खडूनं तो बदाम काढला, आणि एक पैसा घेतला नाही त्याचा. लोकांना गावाचा राग आला होता म्हणून त्या बदामाला जोर होता. आपल्याकडे संत्र्यावर कोण रागावलंय? त्या माणसाला मी विचारलं तुमच्या दुकानात सगळ्यात जास्त काय खपतं, तर म्हणाला सायकलचे पंक्चर काढतो मी, खपत काही नाही, लोक हवा भरायला येतात. हवा भरायला येतात! मग व्हॉल्व्हचं टोपण काढलं त्याच्या बोर्डावर, काळं, बोटाएवढं. संत्र्याचं त्याला वाईट वाटलं थोडं, पण बोर्ड लावला.

ताई, मी त्रिमूर्तीनगरात राहते, वय ५८. सांडगी मिरची, कुरडया, मुगवड्या करते, ओळखीत खूप जातात. मुलगा म्हणतो लेबल कर. प्रिंटरनं करून दिलं ते मला आवडलं नाही, पण काय आवडलं नाही ते सांगता येत नाही. मी काय बघू म्हणजे मला कळेल? — मुगवडीवाल्या काकू

काकू, तुम्ही फोटो पाठवलात ते बरं झालं. काय आवडलं नाही ते मी सांगते, अक्षरं. 'कुरडया'तला उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढलाय आणि 'घरगुती'ची अक्षरं लांब लांब पसरवलीत म्हणून शिरोरेघ मधे मधे तुटलीय. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात, ती फाकवली तरी चालतं, आपली एका दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी, दांडी तोडली की सगळं खाली. आणि मराठीला वर मात्रा-रफार, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जागा इंग्रजीपेक्षा जास्त सोडावी लागते. हे दोन बदल त्या प्रिंटरला सांगा, बाकी काही बदलू नका, आणि मग परत बघा.

फॉन्टसाठी त्याला मुक्ता किंवा बलू वापरायला सांगा, मुंबईच्या एक टाइप या गटानं केलेत आणि फुकट आहेत, बलू तर मुगवडीसारखाच गोलमटोल आहे. बऱ्याच कंप्युटरवर आपोआप येतो तो मंगल, तो र. कृ. जोशींनी केलेला. फार मोठा माणूस, सुलेखनकार, कवी, आयआयटी मुंबईत शिकवायचे. पण मंगल स्क्रीनवर वाचायला केलाय, मिरचीच्या पाकिटावर तो सरकारी नोटिशीसारखा दिसतो, त्यात जोशीसरांचा दोष नाही.

आणि बघायचंच असेल तर घरात जुनी वर्तमानपत्रं ठेवली असतील तर नाटकांच्या जाहिराती काढा. कमल शेडगे यांच्या हातची अक्षरं त्यात सापडतील, २०२० मध्ये गेले ते. ऐतिहासिक नाटकाचं नाव तलवारीसारखं, विनोदी नाटकाचं नाव तोल जाऊन पडायला आल्यासारखं, वाचायच्या आधीच कळायचं आत काय आहे ते. मग तुमची मिरची ताकातली, वाळवलेली, तळल्यावर कुरकुरीत, तिचं नाव कसं लिहाल? तुम्ही स्वतः एकदा बोरूनं नाही तर आइस्क्रीमच्या काडीनं शाईत बुडवून लिहून बघा. खरंच लिहा आणि मला पाठवा, कदाचित फॉन्ट लागणारच नाही.

मॅडम, माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. घरातलं सगळं उघडून बघते, मिक्सर झाला, इस्त्री झाली, परवा गॅसचा लायटर. परत जोडता येतंच असं नाही. तिला प्रॉडक्ट डिझाइन करायचंय म्हणते. हे लक्षण आहे का नुसता उपद्व्याप? — एक बाप, मानेवाडा

दोन्ही. विजेवर चालणारं उघडायच्या आधी प्लग काढलाय ना हे दोनदा बघायला शिकवा, आणि गॅसशी संबंधित काही नाही म्हणजे नाही. भंगारवाल्याकडून जुने मिक्सर आणून द्या. बारावीच्या वेळेला एनआयडीची आणि आयआयटीवाल्यांची यूसीड अशा प्रवेश परीक्षा असतात, त्याला अजून वेळ आहे.

तोवर एक सोलाण्याची गोष्ट तिला सांगा. अमेरिकेत सॅम फार्बर नावाचे स्वयंपाकघराच्या वस्तूंच्या धंद्यातले गृहस्थ, त्यांच्या बायकोच्या हाताला संधिवात होता आणि साधं पत्र्याचं सोलाणं तिला धरवेना. त्यातून जाड काळ्या रबराच्या मुठीचं सोलाणं निघालं, मुठीला दोन्ही बाजूंनी माशाच्या कल्ल्यासारख्या बारीक पट्ट्या, ओला हात सुद्धा घसरू नये म्हणून. १९९० मध्ये ते बाजारात आलं, ओक्सो नावानं. महाग होतं, तरी ज्यांचे हात ठणठणीत तेही घ्यायला लागले. मुलीला म्हणा उघडून बघणं ठीक आहे, आता आजीला ते वापरताना पण बघ.

महोदया, मागच्या महिन्यात आपण लिहिलंत की नागपूरचा पत्र्याचा कूलर म्हणजे प्रॉडक्ट डिझाइनचा उत्तम नमुना. मी ४० वर्षं कूलर वापरतोय. खडखडतो, गंजतो, दर एप्रिलला डोकं खातो. हे डिझाइन कुठल्या अंगानं? — निवृत्त, धरमपेठ

काका, खडखडतो हे मान्य. गंजतो पण. माझे बाबा दर एप्रिलला टाकीच्या आतून डांबर फासायचे आणि आठवडाभर घरातल्या हवेला नव्या रस्त्यासारखा वास यायचा.

पण तो मे महिन्यातला पंचेचाळीस डिग्रीतला आपला कोरडा उन्हाळा आठवा. पंप टाकीतलं पाणी वर चढवतो, वरच्या भोकं पाडलेल्या पन्हळीतून ते वाळ्याच्या ताट्यांवर झिरपतं, पंखा बाहेरची हवा त्या ओल्या ताट्यांतून आत ओढतो आणि पाणी सुकताना हवेतली उष्णता घेऊन जातं. यात कंप्रेसर नाही, गॅस नाही, वीज पंख्या-पंपाची तेवढीच. मुंबईच्या दमट हवेत हाच डबा ठेवा, नुसती ओल वाढेल, पाणी सुकणारच नाही. आपल्याकडेही मृग लागला की तो बिनकामाचा होतो आणि त्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा बसतो. म्हणजे एका हवेसाठी आणि जेमतेम चार महिन्यांसाठी केलेली वस्तू, खिडकीच्या मापाची, आणि कुठलाही भाग बिघडला तर तो तेवढाच बदलता येतो. मोटर गेली, मोटर बदला. ताट्या कुजल्या, ताट्या बदला. अशी वस्तू आज शोधून दाखवा मला.

जपानमध्ये नाओतो फुकासावा म्हणून डिझायनर आहेत, त्यांनी भिंतीवर टांगायचा सीडी प्लेअर केला, मुजी कंपनीसाठी. दिसतो स्वयंपाकघरातल्या पंख्यासारखा, खाली दोरी लोंबते, दोरी ओढली की सीडी फिरायला लागते आणि गाणं सुरू. लोक समोर उभे राहून वारा यायची वाट बघतात म्हणे! पंखा बघितला की चेहरा आपोआप पुढे जातो, ही सवय त्यांनी पकडली. आपण कूलरसमोर उभं राहून शर्टाची कॉलर मागे करतो, ती पण सवयच, अजून कुणी पकडली नाही एवढंच.

तुमचा खडखडाट मात्र पायाखालचा आहे, पत्रा स्टँडवर थेट टेकला की वाजतोच, सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे खाली घाला. हे मला आमच्या कूलरवाल्यानं सांगितलं. त्याच्याकडच्या कूलरची मागची ताटी काढताना हात कापत नाही, कारण पत्र्याच्या कडेवर त्यानं बागेतली पाण्याची हिरवी नळी उभी चिरून बसवलीय. मला ते इतकं आवडलं की मी विचारलं, भाऊ, ही आयडिया कुठून आली? तो स्क्रू पिळता पिळता म्हणाला, आयडिया नाही ओ ताई, मागच्या साली एका गिऱ्हाईक बाईंच्या हाताला लागलं, लय बोलल्या मला, पैसे पण कापले पन्नास रुपये. नळी घरीच पडली होती.